बाईंची मोरपंखी साडी

(मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या सभागृहात केलेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून, थोडंफार नीट करून दिलं आहे.)



काल रात्री ज्यांनी ज्यांनी गाणी म्हटली त्या सगळ्यांचे आवाज बसलेत, म्हणून सकाळचा पहिला नंबर माझा लागला, असं मला सांगण्यात आलंय. विषय मात्र मी मागून घेतला. फोटोतला रंग कागदावर बरोबर कसा उतरवायचा. पत्रिका वाचून आपला एक डॉक्टर मित्र म्हणाला, "अरे, हा काय मेळाव्याचा विषय आहे?" त्याला म्हटलं, गेल्या खेपेला तू मधुमेहावर पाऊण तास बोललास आणि नंतर सगळ्यांनी दोन-दोन वाट्या बासुंदी खाल्ली. माझ्या भाषणाचा परिणाम त्याहून वाईट होणार नाही.

खरं कारण असं, की माझ्यावर एक उधारी आहे. २०११ साली आपण पंचवीस वर्षांनी भेटलो तेव्हा मी तुम्हा सगळ्यांना एकेक फोटो दिला होता. दहावीचा, शाळेच्या पायऱ्यांवरचा, शिक्षक मधल्या रांगेत खुर्च्यांवर. मूळ फोटो मुख्याध्यापकांच्या खोलीत फ्रेममध्ये होता, पार लालसर होऊन गेलेला. मी तो स्कॅन केला, दोन रात्री बसून दुरुस्त केला आणि स्वतःच्या दुकानात, स्वतःच्या नव्या प्रिंटरवर साठ प्रती काढल्या. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मी खूश.

टाळ्या थांबल्यावर मराठीच्या बाईंनी मला जवळ बोलावलं. आजही त्या पहिल्याच रांगेत बसल्यात. चष्मा वर करून त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, "ही निळ्या साडीतली कोण?" म्हटलं, बाई, तुम्ही. "माझी साडी मोरपंखी होती. आणि मला एवढी गोरी कशाला केलीस रे? माझी आई असती तर तिनंही ओळखलं नसतं." मी म्हणालो, "बाई, ते प्रिंटरमुळे होतं." बाई म्हणाल्या, "प्रिंटरनं केलं म्हणजे कुणी केलं? कर्ता सांग."

व्याकरण शिकवणाऱ्या माणसासमोर कर्मणी प्रयोगाआड लपता येत नाही.

पुढे बरीच वर्षं मी स्वतःची समजूत काढत होतो, की बाईंना मोतीबिंदू असणार. त्यात तथ्यही आहे. मोतीबिंदूनं डोळ्यातलं भिंग पिवळट होतं आणि निळा रंग आत कमी पोचतो. २०१९ मध्ये बाईंचं ऑपरेशन झालं. भेटायला गेलो तर भिंतीवर माझाच फोटो. म्हटलं, आता कशी दिसते साडी? बाई म्हणाल्या, "आता तर जास्तच निळी दिसते." पडदा दूर झाला आणि माझा गुन्हा आणखी स्पष्ट दिसायला लागला.

तेव्हा आज मी कर्ता सांगणार आहे. जरा तांत्रिक होईल, पण तुमच्यातले निम्मे लोक नातवंडांचे फोटो घरी छापतात आणि मग मला फोन करून "अरे, काळपट का येतात?" असं विचारतात. त्यांचंही उत्तर यातच आहे.

आपल्या चित्रकलेच्या सरांनी तांबडा, पिवळा, निळा हे मूळ रंग शिकवले होते. पडदा, म्हणजे मोबाइल किंवा संगणक, उजेडानं रंग करतो. तांबडा, हिरवा, निळा उजेड एकमेकांत मिसळतो, तिन्ही पूर्ण लावले की पांढरं. कागदाचं उलटं. तिथे शाई उजेड खाते. आकाशी छटेची सायन, गुलाबी छटेची मॅजेन्टा, पिवळी आणि काळी. जितकी शाई जास्त तितका अंधार. पडदा म्हणजे दिवा आणि कागद म्हणजे भिंत. दिव्यासारखी भिंत कधीच दिसणार नाही, एवढं आधी मान्य करून टाकायचं.

पण माझी चूक इथे नव्हती. चूक आकड्यांची होती. संगणकात प्रत्येक ठिपक्याला तीन आकडे असतात. समजा तांबडा २००, हिरवा १५०, निळा १२०. साधारण गव्हाळ त्वचेचा रंग. आता गंमत अशी, की हे आकडे म्हणजे रंग नव्हेत, ती फक्त आज्ञा आहे. माझ्या पडद्याला २०० म्हणजे जेवढा तांबडा वाटतो तेवढा तुमच्या पडद्याला वाटत नाही. बायकांना हे लगेच कळेल. आई सांगायची, "दोन वाट्या रवा, दीड वाटी साखर." कुणाची वाटी? आईच्या वाटीनं मापलं तर शिरा, माझ्या सासूबाईंच्या वाटीनं मापलं तर पाक. वाटी किती ग्रॅमची ते कुठेतरी लिहून ठेवलेलं असेल तरच कृती दुसऱ्या घरी चालते.

प्रोफाइल म्हणजे तेच. या यंत्राची वाटी किती ग्रॅमची, त्याचं कोष्टक. एक छोटी फाइल असते, तिच्यात लिहिलेलं असतं की हा प्रिंटर, ही शाई, हा कागद असताना अमुक आकडे दिले तर डोळ्यांना अमुक रंग दिसतो. 'डोळ्यांना दिसतो' यातला डोळा मात्र सरासरी. १९३१ साली सीआयई नावाच्या आंतरराष्ट्रीय मंडळानं माणसांवरच्या प्रयोगांतून सरासरी नजरेचं माप ठरवून दिलं, आजचं सगळं रंगमापन त्याच पायावर उभं आहे. त्यातून पुढे लॅब नावाची पद्धत आली. एक आकडा उजेडाचा, एक हिरव्या-तांबड्याचा, एक निळ्या-पिवळ्याचा. हे झाले ग्रॅम. यंत्र कुठलंही असो, ग्रॅम तेच.

१९९३ साली आठ कंपन्या एकत्र आल्या आणि या कोष्टकांचा नमुना एकसारखा ठेवायचं ठरवलं. त्या संस्थेच्या नावावरून या फाइलींना आयसीसी प्रोफाइल म्हणतात. त्याआधी ज्याचं यंत्र त्याचीच भाषा. मी १९९० पासून या धंद्यात आहे, तेव्हा अंधाऱ्या खोलीत रंगाच्या काचा बदलून बदलून चाचणीच्या पट्ट्या काढायचो आणि त्या उजेडात धरून "अजून थोडा पिवळा" असं स्वतःशी बोलायचो. त्याच्याही आधी, १८९४ साली राजा रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे प्रत्येक रंगाला वेगळा दगड असायचा. लक्ष्मीच्या एका साडीसाठी किती दगड आणि किती नजरा लागत असतील! आपल्याला फक्त एक फाइल निवडायची असते, आणि तीही आपण चुकीची निवडतो.

मी काय चुकवलं ते ऐका. माझ्या फोटोच्या प्रोग्रॅममध्ये मी प्रिंटरचं प्रोफाइल निवडलं होतं. म्हणजे वाट्यांचे ग्रॅम करून, ग्रॅमच्या पुन्हा प्रिंटरच्या वाट्या करायचं काम प्रोग्रॅमनं केलं. इथवर बरोबर. पण प्रिंटरचा स्वतःचा एक ड्रायव्हर असतो. त्याच्या खिडकीत रंग सुधारण्याची सोय चालू राहिली होती. त्यानं आधीच रूपांतर केलेल्या आकड्यांवर स्वतःचं रूपांतर पुन्हा केलं. एकाच पत्राचं दोनदा भाषांतर झालं. पहिली प्रत आली ती चेहरे लालबुंद, सगळा वर्ग उन्हात कवायत करून आल्यासारखा.

अशा वेळी थांबून कारण शोधायला हवं होतं. पण मेळावा दोन दिवसांवर, आणि मी वीस वर्षांचा अनुभवी. मी नजरेनं दुरुस्ती केली. तांबडा खाली ओढला, सायन आणि निळा वाढवला, तरी चेहरे जड वाटले म्हणून उजळवले. चेहरे 'छान' झाले. तेवढ्यात बाईंची साडी हिरवट निळ्यावरून सरळ निळ्यावर गेली होती, ती माझ्या लक्षातही आली नाही, कारण मी फक्त चेहरे बघत होतो. आणि चेहरे 'छान' म्हणजे काय, हे माझ्या डोक्यात आधीच पक्कं बसलेलं होतं.

त्याबद्दल थोडं बोलायला हवं. स्टुडिओच्या धंद्यात पहिल्या दिवसापासून गिऱ्हाईक सांगतं, "जरा उजळ करा." लग्न ठरवायचा फोटो असेल तर सांगायचीही गरज नसते. हात आपोआप तिकडे जातो. यात आपला एकट्याचा दोष नाही. कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी एक नमुन्याचं कार्ड द्यायची, त्यावर गोऱ्या बाईचा फोटो. त्यातल्या पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्याला शर्ली कार्ड म्हणायचे. तिची त्वचा बरोबर आली की यंत्र बरोबर, असा हिशेब. सावळी माणसं त्या हिशेबात कैक वर्षं नव्हतीच. वेगवेगळ्या वर्णांच्या माणसांची कार्डं सर्रास यायला १९९० चं दशक उजाडलं. आपण यंत्राला तटस्थ समजतो, पण कुणीतरी कुणाचा तरी चेहरा समोर ठेवूनच ते जुळवलेलं असतं. माझ्यापुरतं बोलायचं तर कार्डाचा बहाणाही नको. लालबुंद चेहरे बघून ते मूळ रंगावर आणायचं सोडून मी दोन पायऱ्या पुढे गेलो.

आता एक गोष्ट सांगतो, जिची आहे तिला विचारून सांगतोय. २०११ चा तो फोटो तुम्हा बहुतेकांच्या घरी फ्रेममध्ये आहे. आपल्या एका मैत्रिणीनं तो कधीच लावला नाही. तीन वर्षांपूर्वी तिच्या मुलीच्या लग्नाचे फोटो मी काढले, तेव्हा ती मला म्हणाली, "मुलीला आहे तशी छाप. माझ्यासारखी करू नकोस." मला कळेना. ती म्हणाली, "शाळेत सगळे मला काळी म्हणायचे. तुम्ही मुलंसुद्धा. पंचवीस वर्षांनी तू फोटो दिलास, त्यात मी गोरी. मला वाटलं, हाही तेच म्हणतोय, फक्त प्रेमानं."

मला त्यावर काही बोलता आलं नाही. त्या लग्नाचा अल्बम छापण्याआधी मी रंग मोजायचं यंत्र विकत घेतलं. इतकी वर्षं ते महाग आहे म्हणून टाळत आलो होतो.

या यंत्राला स्पेक्ट्रोफोटोमीटर म्हणतात. प्रोफाइल कसं बनतं ते थोडक्यात सांगतो. कागदावर हजारभर छोट्या रंगीत चौकटी छापायच्या. त्या वेळी रंगाच्या सगळ्या दुरुस्त्या, प्रोग्रॅमच्या आणि ड्रायव्हरच्या, बंद ठेवायच्या, कारण आपल्याला यंत्राचा मूळ स्वभाव बघायचा असतो. कागद निदान रात्रभर वाळू द्यायचा. ओल्या शाईचा रंग वेगळा असतो, हे पापडाला सांगावं लागत नाही पण फोटोग्राफरला सांगावं लागतं. मग यंत्र एकेका चौकटीवरून फिरवायचं. दिलेले आकडे आणि मोजलेला रंग यांची जोडी लावत संगणक कोष्टक तयार करतो.

हे कोष्टक एका प्रिंटरचं, एका शाईचं, एका कागदाचं आणि ड्रायव्हरमध्ये निवडलेल्या कागदाच्या प्रकाराचं असतं. त्यातलं एक बदललं की कोष्टक खोटं. ड्रायव्हरमधला कागदाचा प्रकार म्हणजे शाई किती सोडायची त्याचा हुकूम. चकचकीत कागदाचं प्रोफाइल लावलं आणि ड्रायव्हरला साधा कागद सांगितला, तर प्रोफाइल कितीही चांगलं असलं तरी उपयोग नाही. आणि बाजारातली बाटलीतली शाई भरणारे इथे पुष्कळ आहेत, मला नावं माहीत आहेत. भरा, माझी हरकत नाही. पण मग कागद किंवा प्रिंटर कंपनीच्या संकेतस्थळावरून फुकट मिळणारं प्रोफाइल तुमच्या शाईचं नसतं, ते स्वतः बनवून घ्यावं लागतं.

आता या वेळचा फोटो. मूळ फ्रेम शाळेनं पुन्हा दिली, त्याबद्दल आभार. फ्रेम उघडली तेव्हा एक नशीब उघडलं. फोटोच्या चारी बाजूंना पुठ्ठ्याच्या पट्टीखाली बोटाच्या पेराएवढी कड झाकलेली होती. तिच्यावर चाळीस वर्षांत ऊन पडलं नव्हतं. तिथे शाळेची पिवळी भिंत, डावीकडे पायरीचा दगड आणि खाली एकाची खाकी पँट जवळजवळ जशीच्या तशी होती. ती पँट कुणाची ते मी सांगणार नाही, तिला ठिगळ आहे. तीच भिंत पट्टीच्या आत आणि बाहेर अशी दोन्हीकडे मोजता आली आणि फोटोचा कुठला रंग किती उडालाय त्याचा हिशेब लागला. सायन उडाला की फोटो लालसर दिसतो. त्या मापानं सबंध फोटो परत आणला. नजरेनं काही ओढलं नाही. चेहरे जसे आले तसे ठेवले.

साडीचा प्रश्न उरला. फोटोतली साडी परत आली ती हिरवट निळी, म्हणजे बाई म्हणत होत्या त्याच दिशेला. पण जराशी मळकी. मी बाईंकडे गेलो आणि साडी आहे का विचारलं. बाई हसल्या. ती साडी कधीच गोधडीत गेली होती. त्यांच्या लेकीनं माळ्यावरून गोधडी काढली. वरचा थर विटलेला, पण एका कोपऱ्यात टाके उसवले होते तिथे आतला दुमडलेला पदर दिसला. अरे, काय रंग होता! मी खिशातून यंत्र काढलं आणि गोधडीवर ठेवलं. बाईंचा नातू म्हणाला, "आजी, काका गोधडीचं बीपी घेतायत."

कापड खडबडीत असतं, म्हणून दहा-बारा ठिकाणी मोजून सरासरी काढली. आणि मग कळलं की हा रंग नेहमीच्या पडद्याच्या हद्दीतच बसत नाही. एसआरजीबी नावाची एक हद्द आहे, एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ साली तेव्हाच्या पडद्यांवरून ठरवलेली. बहुतेक फोटो आजही तिच्यात असतात. तिच्यात गडद मोरपंखी, हिरवट सायन या बाजूचे रंग तोकडे पडतात. उलट चांगल्या प्रिंटरची सायन शाई तिथे पुढे जाते. म्हणजे आपल्याला वाटतं पडद्यावर सगळं दिसतं आणि कागद कमी पडतो. मोरपंखीच्या बाबतीत कागद जिंकतो. पण कागद कुठला? चकचकीत कागदावर तो रंग जवळपास मिळाला. मॅट कागदावर डोळ्यांत भरेल इतका फरक, कारण मॅटवर काळंही काळं होत नाही आणि गडद रंग धूसर होतात. मला स्वतःला मॅट आवडतो. साडीसाठी सोडला.

जे रंग कागदाच्या हद्दीबाहेर पडतात त्यांचं काय करायचं, हेही प्रोग्रॅम तुम्हाला विचारतो. दोन मुख्य पर्याय असतात. समजा आपला वर्गफोटो काढायचाय आणि मागच्या रांगेतले दोन ताडमाड उंच कॅमेऱ्यात मावत नाहीत. एक उपाय, सगळ्यांनीच थोडं थोडं वाकायचं. उंचीतला फरक कायम राहतो, पण कुणीच आपल्या खऱ्या उंचीचा राहत नाही. याला पर्सेप्च्युअल म्हणतात. दुसरा उपाय, बाकीच्यांनी सरळ उभं राहायचं आणि फक्त त्या दोघांनी मान खाली घालायची. बाकी सगळे खरे, पण ते दोघं एकाच उंचीचे दिसणार. हे रिलेटिव्ह कलरिमेट्रिक. माणसांच्या फोटोला मी बहुतेक वेळा दुसरा लावतो आणि त्याच्या शेजारचं ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन चालू ठेवतो, म्हणजे सावलीतले केस आणि काळे कोट एकाच डांबरात जात नाहीत. फुलं, पैठण्या, दिवाळीची रोषणाई असेल तर पहिला लावून बघावा. छापण्याआधी पडद्यावर हे पाहायची सोय असते, तिला सॉफ्ट प्रूफ म्हणतात. प्रोफाइल निवडलं की चित्र एकदम मरगळतं आणि माणसाला वाटतं काहीतरी बिघडलं. बिघडलेलं नसतं, कागद दिसत असतो.

घरी छापणाऱ्यांसाठी आता भराभर सांगतो, बासुंदी आटत आलीय. काळपट येण्याचं सगळ्यात मोठं कारण प्रिंटर नव्हे. तुमचा पडदा फार उजळ असतो. दुकानातून आलेला पडदा खिडकीशेजारच्या टेबलासाठी ठेवलेला असतो. फोटोच्या कामाला साधारण ८० ते १२० कॅन्डेला उजेड पुरतो. मोजायचं यंत्र नसेल तर पांढरा कागद पडद्याशेजारी धरा आणि दोन्ही सारखे पांढरे वाटेपर्यंत पडदा उतरवा. मोबाइलवर बघून रंग ठरवू नका, तो दिवसात दहा वेळा स्वतःचा उजेड बदलतो. प्रोफाइलची फाइल विंडोजमध्ये उजवं क्लिक करून इन्स्टॉल होते. मॅकवर लायब्ररीतल्या कलरसिंक फोल्डरमध्ये, प्रोफाइल्सच्या खणात ठेवायची. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा. छापताना रंगाचा कारभार एकाकडेच द्या. प्रोग्रॅमकडे दिला तर ड्रायव्हरमध्ये रंगाची दुरुस्ती बंद. कुणाच्या ड्रायव्हरमध्ये तिथे 'ऑफ' लिहिलेलं असतं, कुणाच्यात 'नन', कुणाच्यात 'नो कलर अॅडजस्टमेंट'. ही खिडकी प्रत्येक वेळी उघडून बघा. मी वीस वर्षांच्या अनुभवावर विसंबून ती उघडली नव्हती. आणि तुमच्याकडे प्रोफाइल नसेलच, तर सगळं ड्रायव्हरवर सोपवा, कागदाचा प्रकार तेवढा खरा सांगा. लग्न न मोडता होण्यासारखा तो मार्ग आहे.

छापायच्या आधी नोझल चेक काढा. एक शाई अडकली असेल तर जगातलं कुठलंही प्रोफाइल तुम्हाला वाचवू शकत नाही.

कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये देणार असाल तर फाइल एसआरजीबीमध्ये करून द्या. आयफोन आता त्याहून मोठ्या हद्दीत, डिस्प्ले पी-थ्रीमध्ये फोटो काढतो. लॅबच्या यंत्रानं ते प्रोफाइल वाचलंच नाही, तर मोठ्या वाटीचे आकडे लहान वाटीनं मोजले जातात आणि फोटो फिका पडतो. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो लहान होऊन जातो. आणि काउंटरवर स्पष्ट सांगा, "काही उजळ करू नका." काउंटरवाला तुमच्याकडे चमत्कारिक नजरेनं बघेल. मी बघायचो.

न्यू जर्सी आणि दुबईवाल्यांना मी दोन फाइली पाठवतोय. एक एसआरजीबी, कुठल्याही लॅबसाठी. दुसरी मोठ्या हद्दीची, चांगला प्रिंटर असणाऱ्यांसाठी. दुसरी लॅबमध्ये देऊ नका, साडी पुन्हा जाईल आणि बाई मलाच विचारतील.

एक शंका मात्र मला शेवटपर्यंत छळत राहिली. मोजमापानं परत आलेल्या फोटोत साडी जरा मळकी होती आणि गोधडीतली साडी लखलखीत. १९८६ च्या कागदालाच तो रंग पूर्ण झेपला नव्हता. मग छापायचं काय? फोटो जसा होता तसा, की साडी जशी होती तशी? आपल्या चित्रकलेच्या सरांना फोन केला. सर म्हणाले, "फोटो दुरुस्त करतोयस की बाईंना साडी नेसवतोयस?" म्हणून मी फोटोतल्या साडीला हात लावलेला नाही. पुठ्ठ्याखालच्या कडेनं सांगितला तेवढाच रंग दिलाय. बाईंसाठी मात्र वेगळी एक प्रत काढलीय, तिच्यात फक्त साडी गोधडीच्या मापाची आहे. मागच्या बाजूला पेन्सिलीनं तसं लिहिलंय, म्हणजे पुढे कुणी बघितलं तर फसायला नको.

काल संध्याकाळी दोन्ही प्रती बाईंना दाखवल्या. सभागृहातल्या ट्यूबलाइटखाली त्यांना दोन्ही सारख्याच वाटल्या. मग बाई उठल्या, दोन्ही प्रती घेतल्या आणि व्हरांड्यात गेल्या. साडीच्या दुकानात बायका पदर धरून दारात उजेडाला जातात ना, तशाच. दोन कापडं किंवा दोन शाया एका दिव्याखाली सारख्या दिसतात आणि दुसऱ्या उजेडात वेगळ्या, याला शास्त्रात मेटामेरिझम म्हणतात. बायकांना ते शिकवावं लागत नाही. सूर्य मावळतीला होता, तरी बाईंनी बोट ठेवलं. "ही फोटोतली. ही माझी." नंतर चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "हं. ही मी."

आणि आपल्या मैत्रिणीनं सकाळी चहाच्या वेळीच तिची प्रत मागून घेतली. आज घेऊन जातेय म्हणाली, फ्रेमचं माप विचारत होती.

बाकीच्यांच्या प्रती मागच्या टेबलावर आहेत, एकेका बटर पेपरमध्ये. कडेला धरून उचला, मधे बोट लावू नका. आणि इथे बघू नका, जिन्यापाशी उजेड चांगला आहे.